केवणीचा दोर : एका झुडपाचा आणि त्याच्या उपयोगाचा इतिहास

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सुरुवात एका शेंगेपासून करतो. ही माझ्या हातात आहे ती. मागच्या रांगेत दिसत नसेल, म्हणून फिरवायला देतो. पुढून मागे जाऊ द्या आणि शेवटी माझ्याकडे परत येऊ द्या. बोटाएवढी लांब, काळपट तपकिरी, आणि दोरीसारखा पीळ घातलेली. ज्यांच्या घरात तान्हं मूल वाढलंय त्यांनी ती ओळखली असणार. बरोबर, मुरुडशेंग. बाळगुटीतली. जायफळ, मायफळ, हिरडा, वेखंड, हळकुंड यांच्या सोबत सहाणेवर हिचेही दोन-चार वेढे उगाळायचे. पोटात मुरडा येतो, म्हणून मुरड असलेली शेंग. आपल्या पूर्वजांचं हे साधं तर्कशास्त्र.

आता दुसरा प्रश्न. या शेंगेचं झाड किती जणांनी पाहिलंय? ... सात-आठ हात. बरं. आणि त्या झाडाच्या सालीपासून दोर वळतात, हे किती जणांना माहीत आहे? ... दोन. त्यातले एक आजोबा पेठ तालुक्यातले दिसतायत. आजोबा, नंतर भेटल्याशिवाय जाऊ नका.

तर आजचा विषय हाच आहे. शेंग सगळ्यांना माहीत, झाड थोड्यांना, आणि दोर दोघांना. एखादी वस्तू दुर्मीळ होते म्हणजे नेमकं काय होतं? झाड नाहीसं होतं, की त्याचा उपयोग नाहीसा होतो, की त्याचं नाव? आणि 'उपयोग' हा शब्द आपण सहज वापरतो, पण अमुक झाड उपयोगी आणि तमुक निरुपयोगी, हे ठरवतं कोण? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

झुडूप आणि त्याची नावं

या झुडपाला आपल्या डोंगरात केवण म्हणतात. काही ठिकाणी शेंगेचंच नाव झुडपाला लागतं. संस्कृतात आवर्तनी. माणसाच्या उंचीचं, कधी त्याच्या दुप्पट होणारं झुडूप. पानं रुंद, कडा दातेरी, हाताला खरखरीत. त्र्यंबक, इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागात पानझडीच्या जंगलात मोठ्या झाडांच्या पायथ्याशी, वाटांच्या कडेला ते उगवतं. फूल पहिल्यांदा उमलतं तेव्हा विटकरी लाल असतं आणि जुनं होताना निळसर राखाडी पडतं. एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात आणि नवख्याला वाटतं ही दोन वेगळी झाडं आहेत. या फुलांवर मधासाठी पक्षी येतात आणि परागीभवनाचं काम बरंचसं तेच करतात. मग शेंग धरते. खरं म्हणजे ती एक शेंग नसते. पाच बारीक फळं एकमेकांभोवती पिळून एक झालेली असतात.

शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. यातलं हेलिक्टेरिस हे ग्रीकमधून आलंय, अर्थ पिळाचं, वळणाचं. आणि आयसोरा? ते आपल्याच किनाऱ्याचं. सतराव्या शतकात कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे यानं मलबारातल्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यात या झुडपाचं मलबारी नाव नोंदलं गेलं, आणि पुढे १७५३ मध्ये लिनियसनं तेच नाव उचलून शास्त्रात कायम केलं. ऱ्हीडेला माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन नावाचे वैद्य होते, आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे तीन कोकणी बोलणारे विद्वान होते. त्यांचं कोकणीतलं, नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. म्हणजे जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या झुडपाचं जे नाव आहे, त्यातला अर्धा भाग एका वैद्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडून आला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. या झुडपाचं कुळ. पूर्वी हे वेगळ्या कुळात मोजत. १९९८ नंतर जनुकांच्या अभ्यासावरून वर्गीकरण बदललं आणि ते भेंडी-जास्वंदीच्या मोठ्या कुळात आलं. त्या घरात कोण कोण आहे बघा: कापूस, अंबाडी, ज्यूट, सावर, भेंडी, जास्वंद. माणसाच्या अंगावरचं वस्त्र आणि हातातली दोरी यांचा मोठा भाग या एका घराण्यानं पुरवलेला आहे. आपली केवण याच घरची. गरीब, डोंगरात राहिलेली, पण घरचीच.

दोरावर चालणारं गाव

आज दोरी ही दुकानातून दहा-वीस रुपयांना आणायची वस्तू आहे. शंभर वर्षांमागे जा. विहिरीवर मोट आहे. मोटेला जाड नाडा लागतो आणि पातळ सोंदूर लागतो. बैलाला वेसण, कासरा, दावं. मळणीच्या वेळी मुसकं. गाडीला चऱ्हाट. घरात बाज विणायला दोरी, दुधाचं भांडं टांगायला शिंकं. घर शाकारायचं तर वासे बांधायला बंध. गवताचा भारा, लाकडाची मोळी, नदीतलं जाळं. म्हणजे बघा, शेतीचं एकही काम दोराशिवाय होत नव्हतं. लोखंड थोडं आणि महाग. गाव खिळ्यांवर उभं नव्हतं, गाठींवर उभं होतं.

हा दोर यायचा कुठून? सपाटीच्या गावात अंबाडी असायची, शेताच्या कडेनं पेरलेली. ताग असायचा. पुढे बांधावर घायपात आली. ती मूळची अमेरिकेतली, पण आता तिच्याशिवाय आपल्याला बांध आठवत नाही. बलुतेदारीत दोरखंड वळण्याचं काम मातंग समाजाकडे होतं. पोळ्याच्या आधी बैलाचे नवे कासरे, वेसणी त्यांच्याकडून यायच्या. या कष्टांना मोल होतं ते बलुत्याचं, म्हणजे सुगीला खळ्यावर जे मिळेल ते. ही गोष्ट मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो, कारण जुन्या कारागिरीविषयी बोलताना आपण हळवे होतो, आणि ते काम कुणाच्या माथी जन्मानं मारलं होतं हे सोयीनं विसरतो.

डोंगरातली गोष्ट थोडी वेगळी. तिथे ज्याचा दोर त्यानं वळायचा. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर यांच्या पाड्यांवर अंबाडीला द्यायला चांगली जमीन कुठे होती? होती ती नागली-वरईला, भाताला पुरायची नाही. त्यांच्यासाठी केवण. पेरावी लागत नाही, राखावी लागत नाही, आणि तोडली की बुंध्यापासून पुन्हा फुटते.

पद्धत सांगतो. केवणीचा जुना सोट कामाचा नाही. त्याचा वाख जाड आणि ठिसूळ निघतो. हवा असतो साधारण वर्ष-दीड वर्षाचा सरळ कोंब. म्हणजे गेल्या वर्षी जिथे तोडलं तिथेच यंदा फुटलेला. हे कोंब कापायचे, मोळ्या बांधायच्या आणि ओहळाच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. पाण्यात साल कुजते, पण वाख कुजत नाही. तोच सारा खेळ आहे. पाणी किती गरम, कोंब किती कोवळा, यावर काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात. लवकर काढलं तर साल चिकटून राहते, उशीर झाला तर वाखाचा जीव जातो. नेमकी वेळ वासावरून आणि बोटांवरून कळते, पुस्तकावरून नाही. मग साल ओढून काढायची, दगडावर धुवायची, वाळवायची आणि मांडीवर वळायची. उरलेल्या काठ्याही वाया जात नाहीत; कुंपणाला, छपराला, चुलीला जातात. घाईचं काम असेल तर कुजवायचंही नाही, ओली साल सोलून तशीच मोळीला बांधायची.

हे शेवटचं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्र्यंबकच्या पुढे एका पाड्यावर एका म्हाताऱ्या बाबांबरोबर चालत होतो. वाटेत त्यांनी गवत कापलं, भारा केला, आणि बांधायला माझ्याकडे दोरी मागितली. माझ्याकडे नव्हती. ते हसले, चार पावलं बाजूला गेले, एक कोंब वाकवून मोडला, दातांनी टोक धरून सर्रकन साल ओढली, भाऱ्याला दोन वेढे, एक गाठ, आणि चला. सगळं मिळून एक मिनिट लागलं असेल. मी वनस्पतीचं लॅटिन नाव सांगू शकत होतो. ते भारा बांधू शकत होते.

लढाई रशियाशी, शोध सह्याद्रीत

आता हे डोंगरातलं झुडूप लंडनच्या कागदात कसं गेलं ते बघू.

१८५३ ते १८५६ क्रिमियाचं युद्ध झालं. इंग्रजांचं आरमार शिडांचं, आणि शिडाचं जहाज म्हणजे मैलोगणती दोर. हा दोर व्हायचा हेंपचा, आणि हेंप यायचं रशियातून. लढाई रशियाशीच! मग साम्राज्यात इतरत्र काय वाख मिळतो याचा धडाक्यात शोध सुरू झाला. जॉन फोर्ब्स रॉयल हा डॉक्टर पूर्वी सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख होता. त्यानं १८५५ साली हिंदुस्थानातल्या वाख देणाऱ्या वनस्पतींवर जाडजूड पुस्तक काढलं. अंबाडी, ताग, घायपात, रुई, आणि त्यात आपली केवणही. त्याआधी विल्यम रॉक्सबर्ग यानं कलकत्त्याच्या बागेत वेगवेगळ्या दोऱ्यांना वजनं टांगून कुठली किती भारावर तुटते, याचे प्रयोग केलेले होते.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन होता. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, आणि १८४७ पासून इलाख्याचा पहिला जंगल अधिकारी. त्यानं आणि डॅलझेलनं मिळून १८६१ मध्ये 'द बॉम्बे फ्लोरा' हे पुस्तक प्रसिद्ध केलं. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारला केवण ठाऊक होती, तिचा वाख ठाऊक होता.

मग केवणीचा व्यापार का वाढला नाही? उत्तर त्याच वर्षात आहे. १८५५ मध्येच कलकत्त्याजवळ रिशड्याला हिंदुस्थानातली पहिली ज्यूट गिरणी सुरू झाली. ज्यूट शेतात पेरता येतं, एका उंचीचं येतं, एकदम कापता येतं, गाठी बांधून जहाजात भरता येतं. केवण डोंगरात विखुरलेली. योग्य वयाचा कोंब माणसानं हिंडून निवडायचा. गिरणीच्या हिशेबात हे बसत नाही. अंबाडीला निदान 'डेक्कन हेंप', 'बॉम्बे हेंप' अशी बाजाराची नावं मिळाली. केवणीला तेवढंही नाही. ती यादीत राहिली आणि बाजारात आली नाही.

इथे पहिल्यांदा 'उपयोगी' या शब्दाचा अर्थ बदलला, हे लक्षात घ्या. पाड्यावर उपयोगी म्हणजे हाताशी असलेलं, पुन्हा फुटणारं, फुकटचं. सरकारदरबारी उपयोगी म्हणजे विकता येणारं. केवण पहिल्या अर्थानं पुरेपूर उपयोगी होती आणि दुसऱ्या अर्थानं जवळजवळ शून्य.

बेटावरची भावकी

हा दुसरा अर्थ टोकाला गेला की काय होतं, हे बघायला आता एका बेटावर जाऊ. मघाशी कुळ लक्षात ठेवा म्हणालो ते यासाठी. केवणीची एक भाऊबंद सेंट हेलेना बेटावर आहे. हो, नेपोलियनचं सेंट हेलेना. १८१५ मध्ये त्याला तिथे नेऊन ठेवलं आणि १८२१ मध्ये तो तिथेच मेला. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध एक ठिपका. १५०२ मध्ये हिंदुस्थानातून परतणाऱ्या पोर्तुगीज आरमाराला ते सापडलं. तेव्हा तिथे माणूस नव्हता. तिथे पहिल्यांदा एकट्यानं राहिलेला माणूस आपल्या गोव्यातून गेलेला होता: फर्नांव लोपिश. हा पोर्तुगीज शिपाई आदिलशाही बाजूला जाऊन मिळाला, १५१२ मध्ये बाणस्तारीच्या किल्ल्यात पकडला गेला, आणि शिक्षा म्हणून आल्बुकर्कनं त्याचं नाक, कान आणि उजवा हात तोडवला. काही वर्षांनी पोर्तुगालला जाताना तो या बेटावर उतरला आणि राहिला.

या बेटावर एक झुडूप होतं. पांढरी, मोठी फुलं. आतलं लाकूड काळं, जड. म्हणून त्याला एबनी म्हणायचे, आपल्याकडच्या आबनुसासारखं. पण आबनुसाशी त्याचं नातं नाही. नातं आहे केवणीशी, जास्वंदीशी. जगात दुसरीकडे कुठेही ते नव्हतं. त्याच्या लाकडाचं जडावकाम व्हायचं, आणि पुढे चुन्याच्या भट्ट्यांत ते जाळलंही गेलं. त्याच्या सख्ख्या भावाची, तिथल्या रेडवूडची, साल कातडी कमावायला सोलून नेली गेली. वरून पोर्तुगीजांनी ताज्या मांसासाठी सोडलेल्या शेळ्या. बेटावर शेळीला शत्रू नाही आणि झुडपाला काटे नाहीत. नवा कोंब आला की शेळी तयार.

सतराव्या शतकात बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आलं. हीच ती आपली कंपनी. झाडी चालली आहे, शेळ्या आवरायला हव्यात, असं तिथल्या गव्हर्नरांना दिसत होतं आणि त्यांनी तसं कळवलंही. त्यावर अठराव्या शतकात लंडनच्या संचालकांचा निर्णय आला: शेळ्या मारायच्या नाहीत, एबनीपेक्षा शेळ्या जास्त उपयोगी आहेत. झालं. हिशेबाच्या वहीत हे चूक नव्हतं. शेळीचं मांस जहाजांना विकता येत होतं. कोंबाची किंमत वहीत लिहायला रकानाच नव्हता. १८३६ मध्ये डार्विन बेटावर उतरला तेव्हा उघड्या पडलेल्या डोंगरांकडे बघून त्यानं शेळ्यांचा हा इतिहास नोंदवून ठेवला.

पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ एबनी कुणाला दिसली नाही. संपली असंच धरलं होतं. १९८० मध्ये जॉर्ज बेंजामिन हा बेटावरचाच माणूस आणि क्वेंटिन क्रॉन्क हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एका कड्याजवळ हिंडत असताना शेळ्यांना न पोचणाऱ्या जागी दोन झुडपं दिसली. फक्त दोन. कड्यावर उतरून फांदी आणली गेली, ओळख पटली, कलमं केली. आज बेटावर पुन्हा लावलेली त्याची झुडपं हजारांत आहेत, आणि ती सगळी त्या दोन झुडपांची संतती.

आता तुम्ही म्हणाल, नाशिकमध्ये बसून आम्ही अटलांटिकचं बेट कशाला ऐकायचं? कारण बेट म्हणजे फक्त पाण्यानं वेढलेली जमीन नव्हे. अंजनेरी डोळ्यांसमोर आणा. चारही बाजूंना कडे, वर सपाट माथा, खाली वेगळं हवामान. तिथल्या वनस्पतीसाठी तो माथा म्हणजे बेटच. अंजनेरीचंच नाव मिळालेलं एक कंदीलफूल, सिरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगरावर सापडलं आणि अलीकडेच शास्त्राला माहीत झालं. दक्षिणेला पुणे-सातारा-कोल्हापूरच्या बाजूच्या सह्याद्रीत सोनघंटा आहे, घंटेसारख्या मोठ्या फुलांचं, अत्यंत दुर्मीळ झुडूप. १८९४ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं ते पुण्यातल्या रानडे या वनस्पतिसंग्राहकाच्या नावावरून. आणि सोनघंटा कुणाची? याच भेंडी कुळातली. केवणीची, एबनीची भाऊबंद.

झाडोरा नावाचा गुन्हा

आता परत आपल्या जंगलात. कंपनीनं सेंट हेलेनात शेळी निवडली. इथे तिनं आणि तिच्यामागून आलेल्या सरकारनं सागवान निवडलं. १८४२ मध्ये शेजारच्या डांगात भिल्ल राजांकडून सागवान तोडण्याचे हक्क भाडेपट्ट्यानं घेतले गेले. जहाजांना लाकूड, मग रेल्वेला लाकूड. थळघाटातून गाडी इगतपुरीला चढली १८६५ मध्ये. त्याच वर्षी पहिला वन कायदा झाला, आणि १८७८ मध्ये दुसरा, जास्त कडक. जंगलं राखीव झाली, संरक्षित झाली. ज्याला लोक हक्क समजत होते ती सवलत झाली, आणि सवलत देणाऱ्याला काढूनही घेता येते.

१८८३ साल घ्या. त्या वर्षी नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, त्यात जंगलाचं क्षेत्र आहे, उत्पन्न आहे, झाडांची यादी आहे. आणि त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात जंगल खात्यावर त्यांचा रोख आहे: डोंगर, पडीक रानं सगळी खात्यानं घेतली आणि गरिबाची शेळी चारायलाही जागा राहिली नाही. बेटावर झाडापेक्षा शेळी मोठी ठरली, इथे शेळीपेक्षा झाड मोठं ठरलं. वरवर उलट, पण निकष एकच: तिजोरीत काय येतं. आणि केवण? ती दोन्हीकडच्या वहीत नव्हती.

वहीत नव्हती, पण कायद्यात आली. १९२७ चा भारतीय वन कायदा काढून बघा. त्यात 'झाड' या शब्दाची व्याख्या आहे: ताड-माड, बांबू (तो २०१७ मध्ये वगळला गेला), बुंधे, वेत, आणि 'ब्रशवुड', म्हणजे झाडोरा, झुडपं. राखीव जंगलात झाड तोडणं, त्याची साल सोलणं हा गुन्हा. जोडून वाचा. ते बाबा गवताचा भारा बांधायला जी साल ओढत होते, ती जागा राखीव असेल आणि परवानगी नसेल, तर कायद्याच्या भाषेत तो अपराध होता. असे खटले किती भरले हा मुद्दा नाही. भीती पुरते. जंगलात जाताना पाठीमागे बघायची सवय लागली की आई मुलाला सोबत नेत नाही, आणि मुलाला कोंब ओळखायला कुणी शिकवत नाही.

पण सगळं खापर कायद्यावर फोडणंही बरोबर नाही. इतिहास सांगायचा तर पूर्ण सांगावा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनं आली, विजेचे पंप आले, मोट गेली. मोटेबरोबर नाडा आणि सोंदूर गेले. नायलॉन आलं, प्लास्टिकची दोरी आली. ती पाण्यात कुजत नाही, स्वस्त असते, दोन आठवडे डबक्यात हात घालावा लागत नाही. ज्यांच्या बोटांना तो वास यायचा त्यांना विचारा, त्यांना नायलॉनचा राग नाही. आणि मघाशी म्हणालो ते पुन्हा: दोर वळणं हे ज्यांचं जातीनं ठरवलेलं काम होतं, त्यांच्या मुलांनी शाळेत जाऊन ते सोडलं यात हळहळण्यासारखं काही नाही. जुना दोर परत आणा असं मी म्हणत नाही.

मग गेलं काय?

केवण संपलेली नाही. सेंट हेलेनाची एबनी दोनावर आली होती. सोनघंटा मोजक्या कड्यांवर आहे. केवण मात्र आपल्या डोंगरांत आजही आहे. तोडली तरी फुटते. पण दुर्मीळपणाच्या तीन जाती आहेत असं मला वाटतं. सोनघंटेत झाडच दुर्मीळ. केवणीत झाड आहे, पण वापर दुर्मीळ. आणि वापर गेला की पुढच्या पिढीत नाव जातं. नाव गेलं की ते झुडूप 'जंगल' या एका शब्दात विरघळतं. रस्ता रुंद करताना, प्लॉट पाडताना, रोपवनासाठी जागा साफ करताना कुणी म्हणत नाही की थांबा, इथे केवण आहे. म्हणतात, नुसती झुडपं आहेत.

उरली शेंग. तिला काष्ठौषधींच्या दुकानात भाव आहे, म्हणून ती अजून गोळा होते. पण इथेही तीच वही आहे. फांदीवरची झाडून सगळी शेंग ओरबाडली तर बी पडायचं कुठून? ज्याला पुढच्या वर्षी त्याच रानात यायचंय, तो काही शेंगा ठेवतो. ज्याला फक्त पोतं भरायचंय, तो ठेवत नाही.

आणि म्हणून एक चांगली गोष्ट सांगून संपवतो. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. त्यात गौण वनोपजाची व्याख्या आहे, ज्यावर जंगलात राहणाऱ्या लोकांची मालकी मान्य केली आहे. व्याख्येत बांबू आहे, मध आहे, लाख आहे, तेंदूपान आहे, औषधी वनस्पती आहेत, आणि तोच शब्द आहे: ब्रशवुड. झाडोरा. १९२७ मध्ये जो शब्द गुन्ह्याच्या व्याख्येत होता, तो २००६ मध्ये हक्काच्या व्याख्येत आला. एकोणऐंशी वर्षं लागली. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके तर अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याचाही आधार आहे. आता आपल्या रानातली केवण किती, कुठल्या उतारावर कोंब तोडायचे, कुठल्या उतारावर शेंग राखायची, हे ठरवण्याचा अधिकार कागदावर तरी त्या गावाचा आहे. 'उपयोगी काय' हे ठरवण्याची वही फिरून त्यांच्या हातात आली आहे.

पण वही हातात आली तेव्हा त्यात लिहायला नावं आठवली पाहिजेत. ग्रामसभेनं आपल्या वनोपजाची यादी करायला घेतली आणि त्यात मोह, हिरडा, तेंदू एवढंच आलं, तर केवण पुन्हा एकदा यादीबाहेर राहील, आणि या वेळी तिला बाहेर ठेवणारे लंडनचे संचालक नसतील. सेंट हेलेनाची एबनी वाचली ती कड्यावरची फांदी बघून 'ही तीच' असं म्हणू शकणारा माणूस शिल्लक होता म्हणून. कलमं करणारे, पैसे देणारे नंतर आले.

म्हणून एक साधी विनंती. इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं गाव डोंगरात आहे, त्यांनी पुढच्या खेपेला गावी गेल्यावर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन रानात एक फेरी मारा. मोबाईल आहेच खिशात, त्यात नावं बोलून घ्या. झुडपाचं नाव, कशाला वापरायचे, कुठल्या महिन्यात, कुठला कोंब. आणि जमलं तर एक गाठ शिकून या.

माझी शेंग परत आली का? ... आली. आणि पेठच्या आजोबांनी मागे बसल्या बसल्या खिशातून काहीतरी काढलंय असं दिसतंय. माईक त्यांच्याकडे द्या. माझं झालं, आता त्यांचं ऐकू.